पर्यावरणाची पदवी घ्यायची तर आधी विषयांची यादी बघ

तू विचारलं आहेस ते थोडक्यात असं. इचलकरंजीजवळ राहतेस, बारावी सायन्स ७४ टक्क्यांनी झालीस, जीवशास्त्र आवडतं, गणिताची भीती वाटते. एका खासगी विद्यापीठात ‘पर्यावरणशास्त्र आणि धोरण’ अशी चार वर्षांची पदवी आहे, पण फी भरपूर आहे आणि त्यासाठी कर्ज काढावं लागेल. बाबा म्हणतात, कोल्हापुरात केमिस्ट्रीत बी.एस्सी. कर, निदान एखाद्या लॅबमध्ये तरी लागशील. पंचगंगा नदीचं बिघडलेलं पाणी लहानपणापासून बघत आल्यामुळे तुला याच क्षेत्रात काम करायचं आहे. मग कोणाचं ऐकायचं?

वयानं बरीच मोठी आहे म्हणून एकेरीतच लिहिते. माझी सुरुवात पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये झाली. पुढे कारखान्यांना प्रदूषण मंडळाकडून लागणारी संमतिपत्रं आणि पर्यावरण आघात अहवाल (एखाद्या प्रकल्पाचा परिसरावर काय परिणाम होईल ते सांगणारे) यांत बरीच वर्षं गेली. आता नगरपालिकांच्या सांडपाणी प्रकल्पांवर काम करते आणि नव्या मुलामुलींच्या मुलाखतीही घेते. त्यामुळे खाली जे लिहिते आहे ते कामावर माणूस निवडणाऱ्याच्या बाजूनं आहे. प्राध्यापक कदाचित वेगळं सांगतील, त्यांचंही ऐक.

‘पर्यावरणाला स्कोप आहे का’ असं तू विचारलंस. या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर देऊन तुझ्या हाती काही लागणार नाही. चार वर्षांनी तुला असं काय करता येत असेल, की ज्यासाठी कोणी तुला बोलावून काम देईल, हे आधी ठरवू. पदवी त्यावरून निवडता येते.

अडचण अशी की पर्यावरणशास्त्र मुळातच पसरट आहे. थोडं रसायन, थोडी परिसंस्था, थोडं भूशास्त्र, हवामान, कायदे, थोडं अर्थशास्त्र. चांगल्या शिक्षकाच्या हाती हे सगळं एकमेकांत गुंफलं जातं आणि मुलांना फार व्यापक नजर येते. वाईट ठिकाणी सगळ्याची तोंडओळख होते आणि हातात काहीच राहत नाही. त्यात आपल्याकडे या विषयाची प्रतिमाही बिघडलेली आहे. पर्यावरणाच्या प्रश्नांवर लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, पुढे प्रत्येक पदवीला पर्यावरणाचा एक पेपर आला. हेतू उत्तम होता. पण बहुतेक कॉलेजांत त्याचं रूप म्हणजे एक प्रोजेक्ट फाईल आणि पास, एवढंच उरलं. तुझे नातेवाईक ‘पर्यावरणात काय असतं शिकण्यासारखं’ म्हणत असतील, तर त्यांना तो पेपर आठवत असतो.

शिकण्यासारखं काय असतं, ते पंचगंगेवरूनच सांगते.

नदीत शेवाळ माजलेलं असेल तर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन दिवसभर सारखा राहत नाही. ऊन असताना शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच श्वसनासाठी ओढून घेतं. त्यामुळे दुपारी दोन वाजता नमुना घेतला तर लिटरला सात-आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन दिसू शकतो. आंघोळीच्या पाण्यासाठी निकष ५ किंवा अधिक असा आहे, म्हणजे नदी कागदावर ठणठणीत. त्याच जागी पहाटे पाचला गेलीस तर आकडा दोनवर आलेला असू शकतो. मासे पहाटे मरतात, दुपारी नाही. नमुना कधी घेतला, कुठे घेतला, नाल्याच्या तोंडापासून किती खाली घेतला, पावसाच्या आधी की नंतर, हे न विचारता जो अहवालातला आकडा वाचतो त्याला पर्यावरणशास्त्र येत नाही, मग पदवी कोणतीही असो.

आता दुसरा आकडा, बी.ओ.डी. सूक्ष्मजीवांना पाण्यातली घाण कुजवायला किती ऑक्सिजन लागेल त्याचं हे माप. आपल्याकडे २७ अंशांना तीन दिवस बाटली ठेवून मोजतात. आंघोळीयोग्य नदीत तो लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत हवा. प्रक्रिया करून नदीत सोडायच्या सांडपाण्याला मात्र साधारण ३० पर्यंत मुभा असते. डिस्टिलरीच्या कच्च्या स्पेंटवॉशमध्ये, म्हणजे मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्यात, तो चाळीस हजारांच्या पुढे जातो. धर की नदीच्या नऊ भाग पाण्यात बी.ओ.डी. २ आहे आणि त्यात एक भाग ३० चं सांडपाणी मिसळलं. नऊ गुणिले दोन अठरा, अधिक तीस, अठ्ठेचाळीस, भागिले दहा. ४.८ आलं. म्हणजे सांडपाणी सोडणाऱ्यानं नियम तंतोतंत पाळला, तरी नदी निकषाबाहेर गेली. उन्हाळ्यात प्रवाह निम्मा झाला की आकडा आणखी चढतो.

हे गणित तुला जमलं ना? या क्षेत्रातलं रोजचं गणित बरंचसं असंच आहे: गुणोत्तर, सरासरी, एककं बदलणं, आलेख वाचणं, थोडी संख्याशास्त्राची समज. हवेच्या प्रदूषणाचं किंवा भूजलाचं मॉडेलिंग करायचं म्हटलं तर कॅल्क्युलस लागेल, पण तो रस्ता सगळ्यांनी घ्यायचा नसतो. संख्याशास्त्र मात्र टाळू नकोस. दोन ठिकाणच्या पाण्यात फरक आहे की तो नुसता योगायोग आहे, हे ज्याला सांगता येत नाही त्याला पुढे प्रत्येक बैठकीत गप्प बसावं लागतं.

आणि याच आकड्यापाशी ‘धोरण’ हा अर्धा भाग सुरू होतो. सांडपाणी नियमात आहे, तरी नदी बिघडते, मग जबाबदार कोण? कारखान्याला संमती देणारं प्रदूषण नियंत्रण मंडळ वेगळं. शहराचं मैलापाणी प्रक्रिया न करता नाल्यात सोडणारी पालिका वेगळी, आणि तिला प्रकल्पासाठी पैसे देणारा विभाग तिसराच. राधानगरी धरणातून किती पाणी कधी सोडायचं हे जलसंपदा खातं ठरवतं, आणि त्या खात्याची पहिली बांधिलकी सिंचनाशी आहे. समज, मंडळानं जल कायद्याच्या कलम ३३अ खाली एखाद्या साखर कारखान्याला बंदचा आदेश दिला, वीज-पाणी तोडलं. गळीत हंगाम चालू आहे, शेतात ऊस उभा आहे, तोडणी मजूर बीडहून येऊन बसलेत. नदीकाठचा शेतकरी आणि ऊस घालणारा शेतकरी हा पुष्कळदा एकच माणूस असतो. आता तू काय सुचवशील? बंद की बँक गॅरंटी (सुधारणा केली नाही तर जप्त होणारी रक्कम)? दंड असेल तर किती? १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा एक लाखापर्यंत दंड अशी शिक्षा होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं तुरुंगवासाऐवजी दहा हजार ते पंधरा लाखांचा आर्थिक दंड आणला. तुरुंगाची धास्ती जास्त की भरावा लागणारा दंड, यावर माझ्या ओळखीतल्या जाणत्या माणसांत अजून एकमत नाही. माझं मत विचारशील तर, लवकर आणि हमखास होणारा दंड हा कधीच न होणाऱ्या शिक्षेपेक्षा बरा. पण तो कारखान्याच्या उलाढालीच्या मानानं ठरला पाहिजे, नाहीतर तो खर्चाच्या वहीतली एक ओळ होऊन बसतो.

म्हणून कोणी ‘धोरण’ शिकवतो म्हटलं की मी विचारते, काय वाचायला लावता? पुष्कळ ठिकाणी कायद्यांची नावं आणि साल पाठ करून घेतात: १९७२ वन्यजीव, १९७४ जल, १९८० वन, १९८१ हवा. ते स्पर्धा परीक्षेला उपयोगी आहे, पण धोरण शिकायचं तर एक निर्णय धरून त्याच्या मुळाशी जावं लागतं. तुझ्या जिल्ह्यापुरतं सांगायचं तर पश्चिम घाटाचे दोन अहवाल घे. परिसंस्थांचे अभ्यासक माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं २०११ मध्ये दिलेला आणि अंतराळशास्त्रज्ञ कस्तुरीरंगन यांच्या गटानं २०१३ मध्ये दिलेला. घाट तोच, बरीचशी माहितीही तीच. एका समितीनं अख्खा घाट संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर केले आणि ग्रामसभांना निर्णयात जागा द्यायला सांगितलं. दुसऱ्या गटानं नैसर्गिक भूभाग आणि माणसांनी वापरलेला भूभाग वेगळे केले आणि सुमारे ३७ टक्के क्षेत्र संवेदनशील ठरवलं. पुढे सरकारी अधिसूचनेचे मसुद्यामागून मसुदे निघत राहिले. राधानगरी, शाहूवाडीतले लोक, बॉक्साइट खाणी, राजकीय पक्ष, सगळे यात आहेत. विज्ञान सारखं असूनही शिफारस का बदलली, यावर ज्या वर्गात महिनाभर वाद घडवून आणतात तो वर्ग चांगला. असा वर्ग मिळाला तर फी थोडी जास्त असली तरी विचार कर. नुसतं पदवीच्या नावात ‘धोरण’ आहे म्हणून करू नकोस.

आता पदवी. नव्या शैक्षणिक धोरणानं तुझं काम थोडं सोपं केलंय. पूर्वी केमिस्ट्री की पर्यावरण असं एकच निवडावं लागायचं. आता मेजर (मुख्य विषय) आणि मायनर (जोडविषय) अशी रचना आहे, फील्ड प्रोजेक्ट आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण हेही श्रेयांकात, म्हणजे क्रेडिटमध्ये, धरतात. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं, आणि चौथं वर्ष केलंस तर पुढची एम.एस्सी. एका वर्षात होऊ शकते. त्यामुळे बाबांचं आणि तुझं भांडण मला खरं तर भांडण वाटतच नाही. मेजर केमिस्ट्री आणि मायनर पर्यावरणशास्त्र, किंवा मेजर पर्यावरणशास्त्र आणि मायनर केमिस्ट्री, भूशास्त्र, संख्याशास्त्र यांपैकी एक. जीवशास्त्र आवडतं म्हणतेस, तर वनस्पतिशास्त्रही चालेल. अट एकच, एका विषयात तरी खोल उतरलेली असावीस. मात्र कागदावर असलेला प्रत्येक मायनर कॉलेजात शिकवला जाईलच असं नाही. शिक्षक नसेल तर सांगतात, ‘यंदा हाच घ्या.’ प्रवेशाआधी जाऊन विचार.

तुझ्या वयाच्या मुलांना कोणी सांगत नाही अशी एक गोष्ट पात्रतेची आहे. भारतीय वन सेवेच्या परीक्षेला बसायला पदवीत पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायन, भूशास्त्र, गणित, भौतिक, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी एक विषय हवा, नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी हवी. या यादीत पर्यावरणशास्त्र नाही. आयआयटीत एम.एस्सी.ला नेणाऱ्या जॅम परीक्षेतही पर्यावरणाचा वेगळा पेपर नाही. रसायन, भूशास्त्र, अर्थशास्त्र वगैरेंचे आहेत. उलट एम.टेक.सारख्या पदव्युत्तर प्रवेशाच्या गेट परीक्षेत २०२१ पासून पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा पेपर आला, आणि प्राध्यापक होण्यासाठीच्या नेट परीक्षेला पर्यावरणशास्त्र हा विषय पूर्वीपासून आहे. प्रदूषण मंडळांच्या तांत्रिक पदांना बहुधा अभियांत्रिकीची पदवी किंवा विज्ञानातली पदव्युत्तर पदवी मागतात. याचा अर्थ पर्यावरणाची पदवी घेऊ नये असा मुळीच नाही. पदवीत एक मूळ विज्ञान विषय नावानिशी असू दे, म्हणजे हे दरवाजे बंद होत नाहीत. आणि दर वेळी ताज्या जाहिरातीतली अर्हता स्वतः वाच, क्लासवाल्याच्या शब्दावर जाऊ नकोस.

नोकरीचं स्पष्ट सांगते. नुसत्या पदवीवर मिळणारी पहिली नोकरी साधी असते: लॅबमध्ये नमुने तपासणं, सल्लागार कंपनीत गावोगाव जाऊन हवेचे, आवाजाचे, पाण्याचे नमुने घेणं, कारखान्याच्या सांडपाणी प्रकल्पावर नोंदी ठेवणं. पगार इतर बी.एस्सी. मुलांइतकाच, सुरुवातीला तर कमीही. वाढ होते ती पदव्युत्तर शिक्षणानंतर किंवा एखाद्या कौशल्यात नाव झाल्यावर. पण तुझ्या भागात काम नाही असं कोणी म्हटलं तर ते खरं नाही. इचलकरंजीची कापडाची प्रोसेसिंग युनिटं आणि त्यांच्या सांडपाण्याचे सामुदायिक प्रक्रिया प्रकल्प, साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्या, शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांची वापरलेली वाळू, हुपरीची चांदीची कामं, कोल्हापूरचा घनकचरा, या प्रत्येकाला नियम कळणारा आणि आकडे कळणारा माणूस लागतो. मोठ्या शहरांत आणखी एक काम वाढलं आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या हजार कंपन्यांना सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेनं, २०२२-२३ पासून शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला, त्यामुळे वीज, पाणी, कचरा, कार्बन यांचा हिशेब ठेवणारी माणसं लागू लागली. बसून करायचं काम आहे, पैसे बरे मिळतात. मला स्वतःला चिखलात उतरायला मिळालं नसतं तर मी या कामात टिकले नसते, पण हे स्वभावावर आहे.

मुलाखतीला येणाऱ्या मुलांत मला सगळ्यात जास्त उणीव जाणवते ती लिहिण्या-बोलण्याची. प्रकल्पाला परवानगी देण्याआधी गावकऱ्यांचं म्हणणं ऐकायला जनसुनावणी होते, तिच्याआधी प्रकल्पाचा सारांश मराठीत द्यावा लागतो. तो पुष्कळदा असा असतो की लिहिणाऱ्यालाही कळू नये. सुनावणीत एखादी बाई उठून विचारते, ‘माझ्या विहिरीचं पाणी खराब होईल का?’ तेव्हा तिला तिच्या भाषेत खरं उत्तर देणारा आणि तेच उत्तर रात्री इंग्रजी अहवालात नीट मांडणारा माणूस दुर्मीळ आहे. तू मराठी माध्यमातली असशील तर त्याची लाज अजिबात बाळगू नकोस, तो तुझा फायदा आहे. इंग्रजी लिहिणं मात्र रोज थोडं करून पक्कं कर.

प्रवेश कुठेही घेतलास तरी काही गोष्टी आत्तापासून स्वतः करता येतात. क्यू.जी.आय.एस. हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, उपग्रहांची छायाचित्रंही फुकट मिळतात. आपल्या तालुक्यातले तलाव, उसाचं क्षेत्र, नदीकाठची बांधकामं यांचा नकाशा करायला शीक. प्रकल्पांच्या पर्यावरण परवानग्यांसाठी असलेल्या केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर जाऊन आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या प्रकल्पाचा आघात अहवाल आणि सुनावणीचं इतिवृत्त उतरवून घे. दोन्ही शेजारी ठेवून वाच: लोकांनी काय विचारलं आणि अंतिम अहवालात त्याचं काय झालं. प्रकल्पाच्या दहा किलोमीटर परिघातल्या ओळखीच्या ओढ्याचा त्या अहवालात उल्लेखच नाही असं तुला दिसेल, किंवा तिथे न आढळणाऱ्या झाडांची यादी दिसेल. असं स्वतः शोधून काढलेलं एक टिपण मुलाखतीत दाखवलंस तर मी गुणपत्रिकेकडे नंतर बघेन.

पदव्युत्तरची घाई आत्ता नको, पण दिशा माहीत असावी. शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा विभाग आहे, तुला घरून जाऊन-येऊन करता येईल. पुणे विद्यापीठात आहे, जळगावच्या विद्यापीठात पर्यावरण आणि भूविज्ञान एकत्र शिकवणारी प्रशाला आहे. नागपूरची ‘नीरी’ ही याच विषयातली राष्ट्रीय प्रयोगशाळा, तिथे प्रकल्पासाठी मुलं जातात. वन्यजीवांकडे ओढा निघाला तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था. धोरणाकडे खरंच मन वळलं तर त्या वेळी अर्थशास्त्र, कायदा किंवा सार्वजनिक धोरणातली पदव्युत्तर पदवी घे. विज्ञानाची पदवी असलेल्या माणसाला धोरणाकडे जाता येतं, धोरणाच्या पदवीवरून प्रयोगशाळेत परत येणं फार अवघड असतं. म्हणूनच पहिल्या पदवीत विज्ञानाचं पारडं जड असावं असं मला वाटतं.

आणि कर्ज. तुमच्या घरची परिस्थिती मला माहीत नाही, त्यामुळे हे तुम्हीच बसून ठरवा. पण पहिल्या नोकरीचा पगार वर सांगितला तसा असताना पदवीसाठी मोठं कर्ज काढायला मी माझ्या पुतणीला सांगितलं नसतं. ते पैसे किंवा ती कर्जाची ताकद चांगल्या पदव्युत्तर शिक्षणासाठी राखून ठेव. अपवाद एकच: त्या विद्यापीठानं शिष्यवृत्ती देऊन फी खाली आणली आणि पुढच्या प्रश्नांची उत्तरं समाधानकारक दिली तर.

तिथे जाशील तेव्हा माहितीपत्रक बाजूला ठेवायला सांग आणि आठही सत्रांची विषयांची यादी माग. प्रात्यक्षिकाचे तास किती, लॅबमध्ये बी.ओ.डी. इन्क्युबेटर चालू आहे का, तो बघायला माग. धोरणाचे विषय शिकवणारे पूर्णवेळ आहेत की फक्त पाहुणे येतात? फील्डवर्क म्हणजे सहल की एकाच जागी वर्षभर जाऊन केलेल्या नोंदी? गेल्या दोन बॅचची मुलं आज कुठे आहेत, आणि त्यांतल्या एखाद्याचा फोन नंबर मिळेल का? हेच प्रश्न कोल्हापूरच्या कॉलेजलाही विचार, आणि जाताना बाबांना बरोबर घेऊन जा. उत्तरं दोघांनी मिळून ऐकलीत तर घरी येऊन पुन्हा पहिल्यापासून समजावत बसावं लागणार नाही.